म्हातारीच्या डोक्यातलं पाखरू

पहिल्यांदा मी वीरेंद्रला पाहिलं, तेव्हा तो आमच्या ताण्याखाली उताणा पडलेला होता.

मोहाडीतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत अजूनही एखाद्या सकाळी ताणा रस्त्यावर लागतो. साडीचे उभे धागे गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत बांबूंच्या आधारानं ताणायचे, त्यांना खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं. तेवढा वेळ गल्लीतून कोणी जात नाही. गाई-म्हशींनासुद्धा हे माहीत आहे, त्या आपणहून मागच्या बोळात वळतात. आणि हा पोट्टा! पाठीवरची बॅग काढून उशाला घेतलेली, हात छातीवर, डोळे सताड उघडे. माझा पाय त्याच्या पोटावर पडता पडता राहिला.

"मेला का कोन?" मी किंचाळलेच.

"नाही जी," खालून शांत आवाज आला. "जिता आहो."

"मग उठा ना! ताण्याखाली कोनी झोपते का?"

"एक मिन्ट… इथून आभाळ पाहा ना जरा. कोनी विणून ठेवल्यासारखं दिसून राहिलं."

मी कशाला बघते? हातातला कुंचा त्याच्या अंगावर खळीचे चार थेंब पडतील असा झटकला. तो उठला. उंच, सावळा, केसांत गल्लीभराची धूळ. हसला तो मात्र असा, की जणू मीच त्याला चहाला बोलावलं होतं.

"कोन्या गावचे?"

"करडीचा. घनश्यामभाऊचा पोरगा, वीरेंद्र."

करडी म्हणजे नदीपलीकडचं धानाचं गाव. "धान सोडून सुताखाली कायले आले मग?"

"सिनेमा कराले."

मी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. हिरो व्हायचं म्हणत असेल तर आधी अंघोळीची गरज होती. तसं मी म्हटलंही. तर म्हणाला, "हिरो मी नाही जी. हिरो बाहुल्या. एक फोटो काढाचा, बाहुलीले केसभर सरकवाचं, मग दुसरा फोटो. असे ढीगभर फोटो जोडले, का बाहुली चालते."

"आनि केवढा करनार सिनेमा?"

"आठ-नऊ मिनटांचा."

"म्हातारे व्हान तोपर्यंत!"

"म्हाताऱ्याचाच सिनेमा आहे," तो म्हणाला. "म्हातारा-म्हातारी. विणकर."

तो गेल्यावर गल्लीत कोणी नाही असं बघून मी ताण्याखाली वाकले आणि वर पाहिलं. दिसत होतं खरं विणल्यासारखं. जन्म त्या गल्लीत गेला माझा, पण हे कधी सुचलं नव्हतं. त्याला मात्र मी ते पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

माझ्या बाबांचं नाव टेकचंद. बोलायचे पैसे पडतात अशा हिशोबानं ते बोलतात. वीरेंद्रनं त्यांच्याकडे एक खोली मागितली. बंद करता येईल अशी, कारण बाहुल्या मांडल्या की त्यांना दिवसेंदिवस कुणाचा धक्का लागता कामा नये. काका नागपूरला गेल्यापासून त्यांचं मागघर रिकामंच होतं, माझ्या मागाला लागून, मध्ये एक मातीची भिंत. बाबांनी त्याला चहा पाजला आणि किल्ली काढून दिली. आई घरात भडकली. माझी आई सुमित्राबाई भडकली की भांडी आपोआप वाजायला लागतात.

"घरात लग्नाची पोरगी आहे. आनि परक्या पोट्ट्याले किल्ली देता?"

"तो बाहुल्याशी खेळून राहिला," बाबा म्हणाले. "खेळू दे."

तो रोज करडीहून मोटरसायकलवर यायचा. तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे भारे, धानाचा कोंडा, तारा, फेव्हिकॉल, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या असं काय काय उतरवायचा. कोंड्याची जमीन झाली, तणसाची छपरं झाली, चिंध्यांची वैनगंगा वाहायला लागली. इवलासा माग मात्र त्यानं बांबूच्या काड्यांचा असा हुबेहूब केला, की बाबा पाहायला आले आणि न बोलता त्याच्यासमोर पायांवर बसून राहिले.

अडचण निराळीच निघाली. मी माझ्या मागावर धागा ठोकून बसवायचा जड दांडा, म्हणजे हत्या, मारला की भिंत हादरायची, भिंत हादरली की त्याचं टेबल हादरायचं, आणि टेबल हादरलं की म्हाताऱ्याची मान लटलटायची. पहिल्याच दिवशी तो दारात येऊन उभा राहिला, तोंड एवढंसं करून.

"तुमचा माग जरा बंद ठेवता येईन का?"

"कधीपर्यंत?"

"…दोन महिने."

"आनि खाऊ काय, तुमच्या बाहुल्या?"

शेवटी तोड निघाली ती अशी. तो बाहुली सरकवायला लागला की मी विणायचं. सरकवून झाली की त्यानं भिंतीपलीकडून हाक द्यायची, "थांबा!" मी धोटा हातात धरून गप्प बसायचं. फोटो निघाला की तो म्हणायचा, "हो." की माझं खटखट सुरू. दिवसभर हेच. थांबा… हो. थांबा… हो. त्या दिवसांत माझ्या मागावरून साडी उतरायला दुप्पट वेळ लागला. आई म्हणायची, या पोरीला कोणी मंतरलं की काय. मंतरलं कुणी नव्हतं. फक्त मधल्या त्या थांबण्यात, भिंतीपलीकडे त्यानं श्वास धरलाय आणि अलीकडे मी धरलाय, हे मला कळायचं. मला वाटतं त्यालाही कळायचं. एक दिवस 'थांबा'चं 'थांब' झालं, आणि मी काही म्हटलं नाही.

बाहुल्यांची डोकी कोशांची होती. कोसा म्हणजे रानातल्या ऐनाच्या झाडावर किडा स्वतःभोवती करतो ते टणक घर, त्यातूनच आमचं रेशीम निघतं. अंड्याच्या आकाराचा, फिकट पिवळा, वर एक देठ. ते डोक्याला शोभतात हे त्याचंच डोकं. पण कोसे दिले होते मी. आमच्या घरात तेव्हा दोन टोपल्या होत्या. एकीत वाफवून उन्हात वाळवलेले जुने कोसे, डागाळलेले, थोडे चेपलेले. दुसरीत आदल्याच दिवशी रानातून आलेले ताजे, एकापेक्षा एक देखणे. त्यातल्या देखण्यांतले देखणे निवडून मी त्याच्या ओंजळीत घातले. त्यानं म्हातारीच्या डोक्याला देठाचा अंबाडा केला, बारीक कुंचल्यानं सुरकुत्या काढल्या, आणि ती इतकी गोड दिसायला लागली की आईसुद्धा एकदा हसली.

भाद्रपदातल्या सरी सुरू होत्या. सर आली की लाइट जायची, आणि लाइट गेली की त्याचं काम ठप्प. मग आम्ही मागघराच्या उंबऱ्यावर बसायचो, मध्ये आईच्या नजरेला पुरेल एवढी जागा सोडून. त्याच्या अंगाला ओल्या तणसाचा आणि फेव्हिकॉलचा वास यायचा. बोटांवर वाळलेला डिंक तो बोलता बोलता सोलत राहायचा. बोलायचा मात्र फार हळू. वाक्यसुद्धा केसभर केसभर सरकवायचा. मला असा राग यायचा!

"म्हातारीचं नाव काय ठेवलं?" एकदा मी विचारलं.

"नाही ठेवलं काही."

"नावाबिगर बाई कशी राहीन?"

"मग तुमीच ठेवा ना." मग पावसाकडे बघून, "…का तेजस्विनीच ठेवू?"

"मी म्हातारी दिसते का तुमाले?"

"आज नाही दिसत. पन होशीन ना कधी तरी…" तो थांबला. पागोळ्यांखाली हात धरला. "ते पाहाचं आहे मले."

माझे कान गरम झाले. आता पुढचं वाक्य येईल, आता येईल म्हणून मी पदराच्या दशा पिळत बसले, आणि तेवढ्यात लाइट आली. मेला उठला आणि टेबलाकडे गेला! मी आत जाऊन मागावर असा हत्या हाणला की पलीकडून ओरडा आला, "अवो, म्हातारा पडला माया!"

मग ती दुपार आली. त्या दिवशी म्हातारी निजते तो भाग चालू होता. ती सुताच्या कांड्या भरता भरता आडवी होते, आणि पुन्हा उठत नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. "थांब," तो म्हणाला. मी थांबले. 'हो' येईना. मी वाट पाहिली. मग त्याचा वैतागलेला आवाज आला.

"थांब म्हटलं ना वो!"

"थांबलेलीच आहो मी!"

"मग म्हातारी काहून हलून राहिली?"

मी पळत गेले. टेबलावर चिंधीच्या गोधडीखाली म्हातारी निजली होती, आणि तिचं डोकं खरोखर हलत होतं. अंबाड्याच्या बुडाशी कोसा ओला झाला होता. ताज्या कोशात किडा जिवंत असतो. वाफवला नाही तर दिवस भरले की तो पाखरू होऊन कोसा भिजवून बाहेर पडतो. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आणि मी, ज्यांच्या घरात पणजोबांपासून कोसा आहे त्यांची पोर, मी त्याला जिवंत डोकी दिली होती!

"ताजी टोपली…" मी पुटपुटले. "ताज्या टोपलीतले दिले मी तुमाले. गेली तुमची म्हातारी."

"श्श," तो म्हणाला. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. "हलू नोको. दिवा धर."

मी दिवा धरला. अंबाडा बाजूला सरला, त्यातून ओले केसाळ पाय आले, मग एक चुरगळलेलं मऊ काहीतरी. ते म्हातारीच्या कपाळावरून चढत तणसाच्या काडीला लोंबकळलं. आणि मग पंख सुटत गेले. अगदी सावकाश, तळहाताएवढे, हळदीच्या रंगाचे, आणि प्रत्येकावर एक गोल डोळा. आम्ही अर्धा तास तिथं उभे होतो की जास्त, सांगता येणार नाही. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि तो काढून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही. त्याच्या बोटाखाली कॅमेरा टिक टिक करत राहिला. त्या वेळी बाहेर कोणी माझं सगळं घर उचलून नेलं असतं तरी मी हलले नसते. मी प्रेमात पडले होते. त्या दुपारी मला ते स्वच्छ कळलं.

पाखरू खिडकीतून गेलं, तेव्हा कुठं त्यानं कॅमेऱ्यावरून हात काढला.

"अशी चूक झाली कशी पन तुयाकडून?" त्याच्या आवाजात राग कणभर नव्हता. "तू तं कोशात वाढलेली."

"चांगले दिसत होते म्हनून दिले."

"जुने चालले असते ना मले. डागवाले."

"तुले चांगले द्याचे होते," मी म्हणाले, आणि मग दिव्याची वायर उगाच गुंडाळत बसले. माझ्या केसांत अडकलेला सुताचा तुकडा त्यानं दोन बोटांनी काढला, पाहिला, आणि शर्टाच्या खिशात टाकला.

दिवाळीच्या आधी त्याचं काम संपलं. पुढचं जोडणं-बिडणं बंगलोरला व्हायचं होतं, तिथं त्याला एका स्टुडिओत नोकरीही लागली होती. इकडे बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, माग माझ्या एकटीवर आला होता. आईनं मला शेंगा फोडता फोडता समजावलं होतं, "पोरगा वाईट नाही वो. पन आपल्यातला नाही. आनि जो जानारच आहे, त्याच्याकडं पाहून डोळे कायले दुखवाचे?"

मोहाडीच्या स्टँडवर त्याला सोडायला बाबा आणि मी गेलो. बाहुल्यांची पेटी मी स्वतः सुतळीनं बांधली होती. बाबा मुद्दामच असेल, पान खायला टपरीवर गेले. भंडाऱ्याची बस धूर सोडत उभी होती.

"येतो," तो म्हणाला.

"या," मी म्हणाले.

झालं. एवढंच! पावसाळाभर भिंतीआडून बोललो, आणि निघताना दोघांकडे मिळून दोन शब्द. तो खिडकीतून बघत राहिला, मी उपरण्यानं तोंड पुसणाऱ्या कंडक्टरकडे बघत राहिले. बस वळली तेव्हा मला वाटलं, ओरडावं. पण गल्लीत ताणा लावायचा होता, बाबा येताना दिसत होते, आणि जाणाऱ्याला कोणी अडवत नाही.

मग दोन वर्षं गेली. अधूनमधून त्याचा मेसेज यायचा, 'कशी आहेस'. मी लिहायची, 'बरी'. कधी कधी विणता विणता मी उगाच थांबायची. पलीकडून कोणी 'हो' म्हणायचं नाही. मग आपलं आपणच पुन्हा सुरू करायचं.

या उन्हाळ्यात नागपूरचं स्थळ आलं. मुलगा विमा कंपनीत, स्वभावानं सरळ, आपल्यातला. त्यानं मला नापसंत करावं म्हणून मी पोह्यांत मीठ जास्त घातलं, तर म्हणाला मला खारटच आवडतं. आता अशा माणसाला काय नाव ठेवणार! रविवारी आम्ही होकार कळवायचा असं ठरलं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझं कारण बंगलोरला बसून 'कशी आहेस' एवढंच विचारत होतं.

त्याच आठवड्यात करडीहून वीरेंद्रची आई, कुंताबाई, पेढे घेऊन आल्या. उंबऱ्यातच त्यांचे डोळे भरले.

"माया वीरूले बक्षीस भेटलं वो सुमित्राबाई! बाहेरदेशात. सगळ्या जगाचे सिनेमे होते म्हनते, त्यात याचा पहिला आला. सगळं हातानं केलेलं, म्हनून साहेबलोक उठून उभे राहिले म्हनते."

"चांगलं झालं," आई म्हणाली.

"चांगलं तं झालं. पन आता तिकडंच बोलावून राहिले त्याले. कायमचं." त्यांनी पेढा माझ्या तोंडात घातला. "शनिवारी भंडाऱ्याले सिनेमा दाखवनार आहेत, सत्कार आहे. तू येजो पोरी. तुयाच घरात झाला तो."

कुंताबाई गेल्यावर मी बोटांवर दिवस मोजले. शनिवारी तो, रविवारी नागपूर, आणि त्यानंतर तो विमानात.

शनिवारी एसटीनं आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो. सभागृहात माणूस मावत नव्हता. करडीची निम्मी माणसं धोतर-टोपीत पुढच्या ओळीत बसली होती. तो स्टेजच्या कोपऱ्यात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, केस नीट कापलेले. मला क्षणभर तो धुळीतलाच बरा वाटला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि मान एवढीशी हलवली.

अंधार झाला.

पडद्यावर कोंड्याची जमीन, तणसाची छपरं, चिंध्यांची नदी. सगळं माहीत असून मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हातारा विणायला बसला आणि आवाज सुरू झाला, खट खट… खट खट… मग थांबला. मग पुन्हा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तो माझा माग होता. माझा हत्या, माझ्या बांगड्यांची मधली किणकिण, आणि मध्येच पडणारी ती शांतता, धरलेल्या श्वासाएवढी. त्यानं भिंतीपलीकडून सगळं भरून घेतलं होतं, आणि सबंध सिनेमात दुसरा कुठला आवाजच ठेवला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग हळूच माझ्या बांगड्यांकडे.

म्हातारी निजली. तिच्या डोक्यातून पाखरू निघालं. हजार माणसं असतील, पण खोकला ऐकू आला नाही. पाखरू खिडकीतून गेलं, आणि मला वाटलं आता संपला. संपला नव्हता. पुढचं त्यानं बंगलोरला केलं असणार, मी ते पाहिलेलं नव्हतं. एकटा म्हातारा मागावर बसला आहे. तो खिडकीकडे बघतो. त्याचं तोंड किंचित उघडतं, हाक मारायला… आणि मिटतं. मग तो धोटा उचलतो. खट खट. अंधार.

टाळ्या थांबेचनात. हार झाले, शाल झाली. सूत्रसंचालकांनी विचारलं, तुम्ही परदेशी चाललात म्हणे? तो माइकमध्ये नेहमीसारखा सावकाश म्हणाला, "बोलावनं आलं आहे. अजून उत्तर नाही दिलं." मग लोकांचे प्रश्न सुरू झाले. जो तो एकच विचारत होता, ते पाखरू कॉम्प्युटरवर केलं का? तो म्हणाला, "नाही जी. ते कोनाच्या तरी चुकीनं झालं. माया सिनेमात तेवढंच चांगलं आहे."

माझा हात वर गेला. गेला म्हणजे काय, मी नेला. आईनं पदर ओढला, तरी मी उभी राहिले. कुणीतरी माइक हातात दिला. तो जड होता, आणि माझ्या श्वासाचा आवाज सगळीकडे व्हायला लागला.

"मले विचाराचं होतं…" मी म्हणाले. "म्हातारी उडून गेली. मग म्हाताऱ्यानं तिले हाक काहून नाही मारली?"

स्टेजवर त्यानं माइक या हातातून त्या हातात घेतला. सूत्रसंचालक पुढच्या प्रश्नासाठी हात दाखवायला लागले, तर यानं त्यांना थांबवलं.

"मी त्याची इतकी चित्रं काढली," तो म्हणाला, "पन मलेही नाही समजलं. मीच विचारून राहिलो दोन वर्षं… काहून नाही मारली?"

"त्याले वाटलं, जानाऱ्याले अडवू नाही," मी म्हणाले.

"अडवाचं नव्हतंच. हाक माराची होती फक्त."

"आनि जानाऱ्यानं?" माझा आवाज चढला. माझा राग हा असा, कुठंही येतो. "त्याच्या तोंडाले काय झालतं? तो नव्हता सांगू शकत?"

"त्याले वाटलं, तिच्या मागावर घर चालते. ते टाकून चाल म्हनाले त्याची जीभ नाही उचलली."

"चाल कोन म्हनत होतं? राहतो म्हनाचं!"

आता सभागृहात खसखस सुरू झाली होती. करडीच्या ओळीतली माणसं सगळी मागं वळली. कुंताबाई तर उठूनच उभ्या राहिल्या. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण ती मागाहून. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की उद्या रविवार आहे.

"वीरेंद्र," मी म्हणाले. नुसतं नाव घेतलं, आणि सगळे चूप झाले. "उद्या नागपूरवाल्याईले उत्तर द्याचं आहे. मी काय सांगू?"

तो स्टेजच्या पायऱ्या उतरला. शाल एका खांद्यावरून घसरली, ती त्यानं उचलली नाही. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं आला आणि आमच्या ओळीपाशी थांबला. माइक त्याच्या हातात राहून गेला होता, पण तो त्यानं तोंडाशी नेला नाही.

"नाही म्हनून सांग," तो म्हणाला. "मीही तिकडं तेच सांगतो. सिनेमे मी इथंच करीन, जसे होतील तसे. मले तू पाहिजे, तेजस्विनी. पहिल्या दिवसापासून पाहिजे."

मी रडत होते की हसत, कोण जाणे. त्याचा हात मी धरला, सगळ्यांसमोर, आणि बोटांना डिंक लागला तेव्हा कळलं, सत्काराच्या दिवशीसुद्धा हा माणूस काहीतरी चिकटवून आला होता.

मग मला आठवलं की शेजारी आई-बाबा बसले आहेत. मान वळवायला धीर होईना. बाबांनी घसा खाकरला. थरथरत्या उजव्या हातानं सदऱ्याचा खिसा चाचपला, चष्मा काढला, फोन काढला, आणि पुष्कळ वेळ त्यात काहीतरी शोधत बसले.

"सुमित्रा," ते शेवटी म्हणाले. "नागपूरवाल्याईचा नंबर मायात आहे का तुयात?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. वीरेंद्रकडे पाहिलं, त्या घसरलेल्या शालीकडे पाहिलं. मग माझ्या हातातला त्याचा हात पाहिला. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला सांगता येणार नाही.

"मायात आहे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं पर्स उघडली.